लिनक्स सर्व्हरवर डेस्कटॉप कसा सुरू करावा?

उबुंटू सर्व्हर बसवून झाला, मशीन रीस्टार्ट झालं आणि समोर काळ्या पडद्यावर लॉगिनची एक ओळ. नाव-पासवर्ड दिला तरी माऊसचा बाण नाही, आयकॉन नाहीत, मेनू नाही. मग कुठून तरी मिळालेल्या पाच-सहा कमांड एकामागून एक चालवल्या जातात, आणि शेवटी तक्रार येते ती अशी : 'आता तर लॉगिनची ओळसुद्धा दिसत नाही.' जुना पीसी सर्व्हर करायला काढलेले क्लासचालक, वाचनालयाची यादी लिनक्सवर ठेवू पाहणारे कार्यकर्ते, क्लाउडवर पहिलं मशीन घेतलेले विद्यार्थी असे सगळेच हे विचारतात. म्हणून या वेळी तेवढंच, पण नीट.

लेखातल्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. तुम्ही त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांनी टाइप करायच्या. ठिपके, तिरक्या रेघा, आडव्या रेघा आणि मोकळ्या जागा छापल्या आहेत तशाच ठेवा. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

आधी ठरवा : तुमची अडचण चारपैकी कोणती?

'डेस्कटॉप सुरू होत नाही' या एका वाक्याखाली चार निरनिराळ्या अडचणी असतात, आणि एकीचा उपाय दुसरीला लावला की गुंता वाढतो.

- डेस्कटॉप मुळात बसवलेलाच नाही.
- बसवला आहे, पण मशीन सुरू होताना त्याला सुरू व्हायला कोणी सांगत नाही.
- सांगितलं जातं, पण ड्रायव्हर, जागा किंवा परवानगी यांपैकी कशावर तरी तो अडखळून पडतो.
- तो व्यवस्थित चालू आहे, पण तुमच्यासमोर त्याचा पडदा नाही. क्लाउडवर घेतलेल्या मशीनचं हेच होतं.

ओळखायला दोन कमांड पुरतात. पहिली :

एलएस /यूएसआर/शेअर/एक्ससेशन्स /यूएसआर/शेअर/वेलँड-सेशन्स

या दोन फोल्डरांत बसवलेल्या प्रत्येक डेस्कटॉपची एकेक फाइल असते. फोल्डरच सापडत नाहीत असं उत्तर आलं तर डेस्कटॉप नाही, विषय मिटला. दुसरी :

सिस्टमसीटीएल स्टेटस डिस्प्ले-मॅनेजर

डिस्प्ले मॅनेजर म्हणजे चित्ररूप लॉगिन दाखवणारा प्रोग्रॅम. ग्नोमबरोबर जीडीएम येतो, केडीईबरोबर एसडीडीएम, हलक्या डेस्कटॉपांबरोबर बहुधा लाइटडीएम. असं युनिटच सापडत नाही असं उत्तर आलं तर पहिली अडचण. ते आहे पण 'इनॲक्टिव्ह' असेल तर दुसरी. 'फेल्ड' असेल तर तिसरी. हिरव्या अक्षरांत 'ॲक्टिव्ह' दिसत असूनही तुमच्यासमोर काही नसेल तर तिसरी किंवा चौथी.

इथे एक हमखास फसवणारी जागा आहे. बरेचजण 'सिस्टमसीटीएल गेट-डिफॉल्ट' विचारतात, 'ग्राफिकल.टार्गेट' असं उत्तर येतं आणि डेस्कटॉप बसलेला आहे अशी समजूत होते. उबुंटू आणि डेबियनवर हे उत्तर डेस्कटॉप नसतानाही येतं, कारण तिथे मूळ ठेवणच तशी आहे. मशीनला 'चित्ररूप टप्प्यापर्यंत जा' असं सांगितलेलं असतं. तिथे दाखवायला काही नसलं तर ते मुकाट्याने काळ्या पडद्यावर थांबतं. रॉकी आणि अल्मा लिनक्सच्या सर्व्हर मांडणीत मात्र उत्तर 'मल्टी-यूजर.टार्गेट' येतं आणि तिथे ते खरोखर बदलावं लागतं.

खरंच हवा आहे का?

डेस्कटॉप बसवायला परवाना लागत नाही, पैसे लागत नाहीत. उबुंटूची सर्व्हर आणि डेस्कटॉप आवृत्ती एकाच भांडारातून पॅकेजं घेते. सर्व्हर बसवला म्हणून तुमचा डेस्कटॉपचा हक्क जात नाही आणि सगळं पुन्हा इन्स्टॉल करण्याचीही गरज नाही. किंमत मोजावी लागते ती मेमरीत, डिस्कवर आणि अपडेटच्या कटकटीत. उबुंटू डेस्कटॉप २४.०४ साठी ४ जीबी रॅम आणि २५ जीबी डिस्क अशी शिफारस आहे. नुसता फाइल सर्व्हर चालवायला त्याच्या एका अंशावर भागतं.

तुम्हाला डेस्कटॉप नेमका कशासाठी हवा आहे ते स्वतःला विचारा. सेवा चालू-बंद करणं, डिस्क किती भरली ते पाहणं, अपडेट लावणं एवढंच असेल तर 'कॉकपिट' बसवा :

सुडो एपीटी इन्स्टॉल कॉकपिट

मग घरातल्या किंवा कचेरीतल्या कोणत्याही संगणकाच्या ब्राउझरमध्ये एचटीटीपीएसने सर्व्हरचा आयपी पत्ता आणि पुढे विसर्गचिन्ह देऊन ९०९० हा पोर्ट टाका. माऊसने बहुतेक कामं होतात आणि सर्व्हरवर डेस्कटॉपचा भार पडत नाही. माझा अनुभव असा, की डेस्कटॉप मागणाऱ्यांतल्या निम्म्यांना खरं तर हेच हवं असतं.

मराठी वाचकांचं एक कारण मात्र रास्त असतं. काळ्या पडद्यावर मराठी फाइलनावांच्या जागी चौकोन दिसतात. लिनक्सच्या मूळ कन्सोलला मोजकीच अक्षरचिन्हं धरता येतात आणि काना-मात्रा-जोडाक्षरांची जुळणी त्याला जमत नाही. फाइली ठीकच असतात, दाखवणं तेवढं चुकतं. यावरही डेस्कटॉप हा एकच उपाय नाही. दुसऱ्या संगणकावरच्या टर्मिनलमधून एसएसएचने आत या. अक्षरं तो दुसरा संगणक रंगवतो, म्हणून मराठी वाचता येतं. सर्व्हरच्या पडद्यावरच मराठी लिहायचं-वाचायचं असेल तर डेस्कटॉप बसवा आणि सोबत 'फॉन्ट्स-लोहित-देवा' व 'आयबस-एम१७एन' ही पॅकेजंही घ्या.

आता परवानगीचा मुद्दा. हे सगळं करायला सुडोचा अधिकार लागतो. कचेरीचं किंवा कॉलेजचं मशीन असेल आणि तुमचं नाव सुडो गटात नसेल, तर आडवाट शोधू नका. ज्यांच्याकडे ते मशीन आहे त्यांना सांगून रीस्टार्टची वेळ ठरवून घ्या. स्वस्तातल्या सामायिक होस्टिंगवर तर हा अधिकार ग्राहकाला मिळतच नाही, तिथे हा लेख उपयोगाचा नाही.

बसवण्याआधी डिस्क पाहा

डीएफ -एच /

ही पायरी बहुतेकजण गाळतात आणि मग निम्म्यावर पॅकेजं अडकतात. उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर एलव्हीएम पद्धतीने डिस्क मांडतो, तेव्हा तो सगळी जागा मुख्य विभागाला देत नाही. २० ते २०० जीबीच्या डिस्कवर साधारण निम्मीच देतो, त्याहून मोठ्या डिस्कवर १०० जीबी. ५०० जीबीची डिस्क घालूनही '१०० जीबीच कशी दिसते' हा प्रश्न यातूनच येतो. डिस्क खराब नाही, विक्रेत्यानेही फसवलेलं नाही. उरलेली जागा राखीव आहे आणि ती चालू मशीनवरच जोडता येते :

सुडो एलव्हीएक्सटेंड -आर -एल +१००%फ्री /डेव्ह/उबुंटू-व्हीजी/उबुंटू-एलव्ही

यात 'फ्री' हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहायचा. 'आर' आणि 'एल' छोटे.

एसएसएचवरून काम करत असाल तर आधी 'टीमक्स' सुरू करा. तुमच्याकडची वीज गेली, वायफाय तुटलं तरी सर्व्हरवरचं काम चालू राहतं आणि तुम्ही 'टीमक्स अटॅच' म्हणून पुन्हा जोडले जाता. व्हर्च्युअल मशीन असेल तर स्नॅपशॉट घ्या. एवढं झालं की 'सुडो एपीटी अपडेट' चालवून पुढे व्हा.

कोणता डेस्कटॉप निवडावा?

सर्व्हरसाठी मी एक्सएफसीईच सुचवेन, आणि कारण केवळ मेमरी नाही. ग्नोमला त्रिमितीय चित्रांची क्षमता असलेलं ग्राफिक्स लागतं. खऱ्या सर्व्हर मशीनांत तसं कार्ड बहुधा नसतंच. मदरबोर्डवर दुरून देखरेख करणारी एक वेगळी चिप असते, तिच्यातच ॲस्पीड किंवा मॅट्रॉक्स जी२०० जातीचं अगदी साधं ग्राफिक्स असतं. बायोसचा पडदा दाखवणं एवढंच त्याचं काम. अशा मशीनवर ग्नोम चालवला तर प्रत्येक खिडकी प्रोसेसर स्वतः रंगवत बसतो. बाण अडखळतो, मेनू उशिरा उघडतो आणि 'लिनक्स किती हळू आहे' असा ठपका येतो.

- एक्सएफसीई : सुडो एपीटी इन्स्टॉल एक्सएफसीई४ एक्सएफसीई४-गुडीज एक्सऑर्ग लाइटडीएम
- ग्नोम, कमी सामानासह : सुडो एपीटी इन्स्टॉल उबुंटू-डेस्कटॉप-मिनिमल
- ग्नोम, ऑफिस वगैरे सगळ्यासह : सुडो एपीटी इन्स्टॉल उबुंटू-डेस्कटॉप

काही मार्गदर्शक 'नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' लावून कमीत कमी पॅकेजं घ्यायला सांगतात. अनुभवी माणसाला ठीक आहे. पहिल्यांदा करणाऱ्याला मात्र नंतर कुठे आयकॉन नाहीत, कुठे टर्मिनल नाही असं होतं. वाचलेल्या काही एमबींसाठी एक संध्याकाळ घालवू नका.

मध्येच निळा पडदा येऊन जीडीएम३ हवा की लाइटडीएम, असं विचारेल. बाणाच्या कळांनी निवडा, टॅब दाबून 'ओके'वर जा, एंटर दाबा. निवड चुकली तर 'सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर लाइटडीएम' म्हणून ती पुन्हा करता येते.

डेबियनवर रूट म्हणून 'टास्कसेल' चालवा आणि यादीतून डेस्कटॉप निवडा. इन्स्टॉल करताना रूटचा पासवर्ड दिला असेल तर सुडो बसलेलं नसतं. तेव्हा 'एसयू -' वापरा. त्यातली शेवटची आडवी रेघ विसरलात तर काही कमांड सापडत नाहीत.

रॉकी आणि अल्मावर 'सुडो डीएनएफ ग्रुप इन्स्टॉल' आणि पुढे अवतरणात 'सर्व्हर विथ जीयूआय' हे गटाचं नाव द्या. त्या नावात एस, जी, यू, आय मोठे. त्यानंतर 'सुडो सिस्टमसीटीएल सेट-डिफॉल्ट ग्राफिकल.टार्गेट' चालवायला विसरू नका, नाहीतर रीस्टार्टनंतर पुन्हा काळा पडदाच. या घराण्याच्या दहाव्या आवृत्तीतून जुना एक्सऑर्ग सर्व्हर काढून टाकलेला आहे. त्यामुळे तिथे 'स्टार्टएक्स'चे जुने धडे गिरवू नका.

बसवला आहे, पण आपोआप येत नाही

रीस्टार्ट न करता आधी हाताने सुरू करून पाहा :

सुडो सिस्टमसीटीएल स्टार्ट डिस्प्ले-मॅनेजर

लॉगिनचं चित्र आलं तर काम झालं. दर वेळी आपोआप यावं असं वाटत असेल तर वर दिलेली 'सेट-डिफॉल्ट ग्राफिकल.टार्गेट' ही कमांड एकदा चालवा.

पण तसं करण्याआधी थांबा. महिन्यातून चारदा लागणारा डेस्कटॉप चोवीस तास चालू ठेवण्याचं कारण नाही. मी सुचवतो ते असं : 'सुडो सिस्टमसीटीएल सेट-डिफॉल्ट मल्टी-यूजर.टार्गेट' करून मशीन काळ्या पडद्यावरच सुरू होऊ द्या, आणि लागेल तेव्हा वरच्या 'स्टार्ट'ने डेस्कटॉप उघडा, काम झालं की त्याच कमांडमध्ये 'स्टॉप' लिहून बंद करा. वेबसाइट, डेटाबेस, फाइल-वाटप यांना या उघडझाकीचा धक्का लागत नाही. डेस्कटॉपमध्ये उघडी असलेली न साठवलेली कागदपत्रं मात्र जातात, तेवढं सांभाळा.

जुन्या लेखांत 'इनिटटॅब' नावाची फाइल उघडून ३ चा ५ करा, असं लिहिलेलं सापडेल. सिस्टमडी आल्यापासून, म्हणजे रेडहॅटच्या घराण्यात २०१४ पासून आणि उबुंटू-डेबियनमध्ये २०१५ पासून, तो उपाय लागू नाही. त्याचप्रमाणे 'सुडो स्टार्टएक्स' हा सल्लाही टाळा. त्याने पुढे काय बिघडतं ते खाली येईलच.

काळा पडदा, लुकलुकणारी रेघ

सर्वांत जास्त घाबरवणारी अवस्था हीच. लक्षात ठेवा, सर्व्हर बहुधा शाबूत असतो. मेला असतो तो फक्त पडदा. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. अक्षरांचं लॉगिन येईल. ते नाही आलं तर दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने आत शिरा. पॉवरचं बटन दाबून धरणं हा शेवटचा उपाय.

आत शिरलात की तपासणीचा क्रम असा :

१. केबल. हसू नका. मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मदरबोर्डच्या भोकात लावलेल्या मॉनिटरवर डेस्कटॉप दिसेलच असं नाही. सर्व्हर बोर्डावर उलटही होतं : चित्र देखरेखीच्या चिपवर उमटतं आणि तुम्ही कार्डाकडे पाहत बसता. कोणतं ग्राफिक्स पहिलं, हे बायोसमध्ये ठरवता येतं.

२. नोंदी. 'सुडो जर्नलसीटीएल -बी -यू लाइटडीएम' किंवा जीडीएम असेल तर शेवटी 'जीडीएम'. लाइटडीएमच्या बाबतीत '/व्हार/लॉग/एक्सऑर्ग.०.लॉग' ही फाइलही पाहा. नावातला पहिला एक्स मोठा. कंसात दोन मोठे ई असलेल्या ओळी म्हणजे चुका. 'नो स्क्रीन्स फाउंड' ही बहुधा शेवटची ओळ असते आणि सगळे तिचाच पाठलाग करतात. ती परिणाम सांगते. कारण तिच्या वरच्या दहा-वीस ओळींत असतं.

३. ड्रायव्हर. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर 'उबुंटू-ड्रायव्हर्स लिस्ट' पाहून 'सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल' करा. सेक्युअर बूट चालू असेल तर मध्येच एक पासवर्ड ठरवायला सांगतील आणि पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर तोच विचारतील. घाईत तो पडदा पुढे ढकललात तर ड्रायव्हर बसूनही चालत नाही. गणनेच्या कामासाठी आधी 'हेडलेस' नावाचा एनव्हिडिया ड्रायव्हर बसवला असेल तर त्यात पडद्याचा भागच नसतो; पूर्ण ड्रायव्हर घ्यावा लागतो.

४. कर्नलचे जादा भाग. व्हर्च्युअल मशीन किंवा क्लाउडसाठीच्या उबुंटूत छाटलेला कर्नल असतो आणि बऱ्याच ग्राफिक्स कार्डांचे ड्रायव्हर त्यात नसतात. अशा वेळी 'लिनक्स-जेनेरिक' हे पॅकेज बसवून रीस्टार्ट केल्यावर प्रश्न सुटू शकतो.

५. वेलँड. जुन्या किंवा साध्या ग्राफिक्सवर ग्नोम अडत असेल तर '/ईटीसी/जीडीएम३/कस्टम.कॉन्फ' या फाइलीत 'वेलँडएनेबल=फॉल्स' या ओळीपुढचं हॅश चिन्ह काढा. ओळीतला डब्ल्यू आणि मधला ई मोठा असतो, तो तसाच राहू द्या. उबुंटू २५.१० पासून ग्नोमचं एक्स११ सेशनच गेलं आहे, त्यामुळे हा उपाय २४.०४ सारख्या आवृत्त्यांपुरता.

अक्षरांचं लॉगिनही येत नसेल आणि एसएसएचही लागत नसेल तर 'नोमोडसेट' वापरा. मशीन सुरू होताना ग्रबचा मेनू आणा. नव्या यूईएफआय मशीनवर एस्केप, जुन्या बायोसवर शिफ्ट दाबून. पहिल्या ओळीवर 'ई' दाबा, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी मोकळी जागा सोडून 'नोमोडसेट' टाइप करा आणि कंट्रोल-एक्स दाबा. हा बदल त्या एका खेपेपुरता असतो. तेवढ्यात आत शिरून ड्रायव्हर नीट करा. काहीजण ही सूचना ग्रबच्या फाइलीत कायमची लिहून टाकतात आणि पुढे नवा ड्रायव्हर का चालत नाही म्हणून विचारतात. चालणार कसा? ही सूचना असेपर्यंत कर्नल ग्राफिक्सच्या ड्रायव्हरला हातच घालू देत नाही.

पासवर्ड बरोबर, तरी पुन्हा लॉगिनवर

पासवर्ड चुकल्याचा संदेश येत नाही, पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा तेच लॉगिन. कारणं मुख्यतः दोन. एक, डिस्क पूर्ण भरलेली आहे. सेशन सुरू होताना लिहायच्या छोट्या फाइलींनाही जागा नाही. 'डीएफ -एच' लगेच सांगेल. दुसरं, कधीतरी 'सुडो स्टार्टएक्स' चालवल्यामुळे तुमच्या घरच्या फोल्डरातली '.एक्सऑथॉरिटी' ही फाइल रूटच्या मालकीची झाली आहे. नावातला एक्स मोठा. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ वर लॉगिन करून मालकी परत घ्या :

सुडो सीएचओन तुमचंनाव:तुमचंनाव ~/.एक्सऑथॉरिटी

रूट म्हणून डेस्कटॉपमध्ये शिरायचा प्रयत्न करत असाल तर तो सोडा. जीडीएम ते बहुधा नाकारतोच, आणि त्याचं बरोबर आहे.

क्लाउडवरचं मशीन : पडदा कुठून आणायचा?

भाड्याच्या सर्व्हरला मॉनिटर नाही. तिथे डेस्कटॉप बसवून दहा वेळा रीस्टार्ट केलं तरी एसएसएचच्या खिडकीत तो उमटणार नाही. चित्र नेटवर्कवरून तुमच्यापर्यंत आणणारं साधन लागतं. विंडोजमधून पाहणार असाल तर एक्सआरडीपी सोपं : वर सांगितल्याप्रमाणे एक्सएफसीई बसवा, मग

सुडो एपीटी इन्स्टॉल एक्सआरडीपी
एको एक्सएफसीई४-सेशन > ~/.एक्ससेशन

आणि विंडोजमधला 'रिमोट डेस्कटॉप' उघडा. इथे चार ठिकाणी लोक अडकतात.

- क्लाउडच्या उबुंटूत 'उबुंटू' या खात्याला पासवर्डच दिलेला नसतो, कारण प्रवेश किल्लीने होतो. रिमोट डेस्कटॉपला पासवर्ड लागतो. 'सुडो पासडब्ल्यूडी उबुंटू' करून तो द्या, आणि दणकट द्या.
- तोच वापरकर्ता आधीच एखाद्या चित्ररूप सेशनमध्ये असेल तर दुसरीकडून आल्यावर काळा पडदा मिळतो. आधीच्या सेशनमधून बाहेर पडा.
- १ जीबी रॅमच्या मशीनवर ग्नोम नको. ब्राउझर उघडताच मेमरी संपते आणि कर्नल एकेक प्रोग्रॅम मारू लागतो. त्यात तुमचा डेटाबेसही जाऊ शकतो.
- ३३८९ हा पोर्ट सगळ्या जगाला उघडा ठेवला जातो.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. तो पोर्ट उघडा ठेवला की पासवर्ड अंदाजाने घालून पाहणारे स्वयंचलित प्रोग्रॅम लवकरच तिथे येतात. फायरवॉलमध्ये तो बंदच राहू द्या आणि एसएसएचच्या बोगद्यातून या. तुमच्या संगणकावर :

एसएसएच -एल ३३९०:लोकलहोस्ट:३३८९ उबुंटू@सर्व्हरचापत्ता

यातला एल मोठा. ही खिडकी उघडी ठेवून रिमोट डेस्कटॉपला 'लोकलहोस्ट:३३९०' हा पत्ता द्या.

डेस्कटॉप आला, आता सर्व्हर बिघडू नये म्हणून

दोन गोष्टी त्याच दिवशी करून टाका. डेस्कटॉपचा स्वभाव असा, की कोणी हात लावला नाही की वीज वाचवायला झोपायचं. ग्नोम बसवलेली काही मशीनं लॉगिनच्या पडद्यावर थोडा वेळ तशीच राहिली की झोपी जातात, आणि मग सकाळी 'सर्व्हर बंद पडला' म्हणून फोन येतो. झोपच बंद करा :

सुडो सिस्टमसीटीएल मास्क स्लीप.टार्गेट सस्पेंड.टार्गेट हायबरनेट.टार्गेट हायब्रिड-स्लीप.टार्गेट

जुना लॅपटॉप सर्व्हर केला असेल आणि झाकण मिटून ठेवायचं असेल तर '/ईटीसी/सिस्टमडी/लॉगिनडी.कॉन्फ' मध्ये 'हँडललिडस्विच=इग्नोअर' ही ओळ चालू करा. फाइलीत ती आधीच असते. पुढचं हॅश चिन्ह काढा, बरोबरच्या चिन्हापुढे 'इग्नोअर' लिहा आणि रीस्टार्ट करा.

दुसरी गोष्ट नेटवर्कची. उबुंटू सर्व्हरवर जाळं 'सिस्टमडी-नेटवर्कडी' सांभाळतो. डेस्कटॉप स्वतःबरोबर 'नेटवर्कमॅनेजर' घेऊन येतो. कोपऱ्यातला आयकॉन 'अनमॅनेज्ड' म्हणत असेल आणि इंटरनेट चालू असेल तर काही बिघडलेलं नाही, तसंच राहू द्या. सर्व्हरचा ठरलेला आयपी पत्ता नेटप्लॅनच्या फाइलीत आहे आणि तो तिथेच बरा. वायफायसाठी कारभार नेटवर्कमॅनेजरकडे द्यायचाच असेल तर '/ईटीसी/नेटप्लॅन' मधल्या फाइलीची प्रत काढून मगच 'रेंडरर' बदला, आणि लागू करताना 'सुडो नेटप्लॅन ट्राय' वापरा. तुम्ही १२० सेकंदांत एंटर दाबला नाही तर तो जुनी मांडणी परत आणतो. दूरच्या मशीनवर हीच सोय तुम्हाला वाचवते.

नको झाला तर काढायचा कसा?

'सुडो एपीटी रिमूव्ह उबुंटू-डेस्कटॉप' म्हटल्यावर दोन-चार एमबीही मोकळे होत नाहीत. ते नुसतं यादीचं पॅकेज आहे. यादी जाते, सामान राहतं. जागेची टंचाई नसेल तर काढूच नका, 'मल्टी-यूजर.टार्गेट' करून विसरून जा. जागा हवीच असेल तर वरच्या 'रिमूव्ह'नंतर 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह' चालवा, पण एंटर दाबण्याआधी तो दाखवतो ती यादी शेवटपर्यंत वाचा. वायफाय किंवा पत्ता नेटवर्कमॅनेजरवर नेला असेल आणि यादीत 'नेटवर्क-मॅनेजर' दिसला, किंवा कुठेही 'ओपनएसएसएच-सर्व्हर' दिसला, तर 'एन' दाबा आणि ते पॅकेज 'सुडो एपीटी-मार्क मॅन्युअल' या कमांडने राखून मगच पुन्हा सुरू करा.